आततायी कोण?

'आततायी' हा शब्द मराठीत आपण ज्या अर्थानं वापरतो, तो त्याच्या मूळ संस्कृत अर्थापासून बराच दूर आला आहे. आई मुलाला म्हणते, 'असा आततायीपणा करू नकोस.' अग्रलेख सरकारच्या एखाद्या निर्णयाला आततायी ठरवतो. उतावळा, मागचापुढचा विचार न करता टोकाला जाणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे असतो. संस्कृतात मात्र आततायी म्हणजे दुसऱ्याचा जीव घेण्यासाठी ज्यानं धनुष्य ताणलं आहे तो. 'आतत' म्हणजे ताणलेलं. धर्मशास्त्रानं पुढे त्याचे प्रकार सांगितले: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, जमीन बळकावणारा, स्त्रीला पळवून नेणारा. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो, की असा माणूस अंगावर चालून आला तर तो गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की विद्वान ब्राह्मण, त्याला विचार न करता मारावं; मारणाऱ्याला दोष लागत नाही. विज्ञानेश्वरासारख्या टीकाकारांनी या वचनावर पुष्कळ खल केला, कारण ते पचायला त्यांनाही जड गेलं.

या दोन अर्थांच्या मधल्या जागेत एक जुना प्रश्न बसलेला आहे. शास्त्र बचाव करणाऱ्याला सांगतं, विचार न करता मार. मराठी म्हणते, विचार न करता वागणारा तोच आततायी. एके काळी हल्लेखोराचं असलेलं नाव सरकत सरकत अशा ठिकाणी आलं, की ते बचाव करणाऱ्यालाही चिकटू शकेल. शब्दांचे अर्थ कुणी ठरवून बदलत नाही, त्यामुळे अशा बदलातून शहाणपण काढताना जपून राहायला हवं. तरी हातात शस्त्र असलेल्या माणसाबद्दल हा बदल एक खरी गोष्ट सांगून जातो. जीव वाचवणारा आणि जीव घेणारा यांच्यातलं अंतर पुष्कळदा काही सेकंदांचं असतं, आणि ते सेकंद कसे वापरले यावर माणूस त्या दोघांपैकी कोण ते ठरतं.

स्वसंरक्षणासाठी हत्यार बाळगणाऱ्यांना काही चुका टाळायला सांगतात. बंद दार उघडून बाहेर जाऊ नका. आधी पोलिसांना फोन करा. समोर कोण आहे ते कळल्याशिवाय चाप ओढू नका. पळणाऱ्यावर गोळी झाडू नका. नंतर घडलेलं लपवू नका. यातल्या काहींना डावपेचाच्या चुका म्हणतात, काहींना कायद्याच्या. मला वाटतं या दोन वेगळ्या याद्या नाहीतच, आणि नीतीची यादीही याहून निराळी निघणार नाही. या जवळजवळ सगळ्या वेळेच्या चुका आहेत. बचावाचा हक्क धोका असेपर्यंत असतो. तो धोक्याच्या आधी सुरू होत नाही आणि धोक्यानंतर उरत नाही, मग घर आपलं असो, संताप खरा असो की समोरचा माणूस खरोखर चोर असो.

आपल्या कायद्यात हा विचार बराच जुना आहे. मकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १८३७ साली दंड संहितेचा मसुदा दिला, १८६० साली संहिता संमत झाली, आणि तिच्या ९६ ते १०६ या कलमांत बचावाचा हक्क आला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमं थोड्या फरकानं ३४ ते ४४ या क्रमांकांखाली आहेत. मूळ इंग्रजी संज्ञा आहे 'राइट ऑफ प्रायव्हेट डिफेन्स'. भाषांतर करणाऱ्याला यातला 'प्रायव्हेट' अडवतो. दंड संहितेच्या हिंदी पाठानं तो तसाच ठेवून 'प्राइवेट प्रतिरक्षा' म्हटलं. मराठीत आपण 'खाजगी बचाव' म्हणतो आणि खाजगी शिकवणी, खाजगी गाडी यांच्या रांगेत तो जाऊन बसतो. खरं तर इथे खाजगी म्हणजे 'सरकारी नव्हे' एवढंच. बळाचा वापर हे राज्यसंस्थेचं काम. ती जिथे वेळेवर पोचू शकत नाही तिथे तेवढ्यापुरतं ते काम ती नागरिकाकडे सोपवते. म्हणूनच ३७वं कलम म्हणतं, की सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचाही हक्क नाही. ११२ला फोन लावणं हा शहाणपणाचा सल्ला आहेच. पण तो फोन लावायला उसंत होती का, हा या हक्काच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

या मसुद्यासोबतच्या टिपणांत मकॉलेच्या आयोगानं लिहून ठेवलं, की इथल्या लोकांत बाणेदारपणा जागवायचा आहे, म्हणून या हक्कावर फार बंधनं नकोत. चाळीसेक वर्षांनी, १८७८ साली, त्याच राज्यानं शस्त्र कायदा करून बहुतेक हिंदी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेतली. बाणेदारपणा कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि बंदूक परवान्याच्या कचेरीत. आजही परवाना हा आपल्याकडे हक्क मानला जात नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे हा विषय आपला नाहीच, असं वाटू शकतं. पण कलमं फक्त बंदुकीसाठी नाहीत. काठी, कोयता, खलबत्त्यातला बत्ता, हाताला येईल ते हत्यार त्यांत येतं. बंदुकीनं फक्त एक गोष्ट बदलते: चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

या कलमांत एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म त्यात आहे. ३६वं कलम सांगतं, की हल्ला करणारा वेडाच्या भरात असेल, अजाण असेल, नशेत असेल, त्यामुळे त्याचं कृत्य गुन्हा ठरत नसेल, तरी तुमचा बचावाचा हक्क तेवढाच राहतो. म्हणजे ज्याच्याकडे काडीचा दोष नाही अशा माणसाविरुद्धही हा हक्क आहे. उलट ज्यानं नक्की गुन्हा केला आहे, पण जो आता हात वर करून उभा आहे किंवा पाठ दाखवून पळतो आहे, त्याचा जीव घेण्याचा हक्क नाही. मग या हक्काचा आधार समोरच्याचा अपराध असूच शकत नाही. आधार आहे तो धोका. शिक्षा अपराधाला असते, बचाव धोक्यापासून असतो. आपल्या बोलण्यात या दोन गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात. 'चोर होता ना? मग मेला तर मेला' हे वाक्य शिक्षेचं आहे, बचावाचं नाही.

धोका कुणी ओळखायचा? कायदा म्हणतो, भीती 'रीझनेबल' हवी. आपण तिला 'वाजवी' म्हणतो, आणि हा शब्द मला मूळ शब्दाहून नेमका वाटतो. वाजवी हा बाजारातला शब्द. वाजवी भाव म्हणजे विकणाऱ्यालाही पटेल आणि घेणाऱ्यालाही झेपेल असा भाव. तो एकट्यानं ठरवता येत नाही. तशीच वाजवी भीती. मी घाबरलो होतो एवढं पुरत नाही. माझ्या जागी, तेवढ्याच अंधारात, तेवढीच माहिती असलेला दुसरा कुणी साधा माणूस असता तर तोही घाबरला असता का, हे पाहिलं जातं. भीती कितीही खाजगी असली तरी तिचा भाव चारचौघांत ठरतो.

तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. पहिला कटनीचा. ५ मार्च १९५० रोजी आजच्या मध्य प्रदेशातल्या या गावात दंगल उसळली. एका बाजूला फाळणीनं घरदार सुटलेले सिंधी निर्वासित, दुसऱ्या बाजूला स्थानिक मुसलमान. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या शेजारी त्याच्या भावाचं दुकान होतं. जमावानं ते फोडलं, लुटलं. त्या घरातली बायकामुलं भिंतीतल्या भोकातून अमजदच्या बाजूला आली. मग त्याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्यानं बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक सिंधी माणूस मेला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की दार तुटून जमाव आत येईपर्यंत थांबण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, आणि अशा घडीला किती बळ पुरेसं होतं हे नंतर सोनाराच्या काट्यावर तोलता येणार नाही.

या प्रसंगात वेळ सापडतो. शेजारचं दुकान लुटून झालेलं आहे, म्हणजे जमावाचा हेतू अंदाजाचा राहिलेला नाही. दार बंद आहे आणि त्यावर घाव पडत आहेत. मागे सरकायला जागा नाही. मागे आई आणि मुलं आहेत. पोलिसांपर्यंत पोचायला वाट नाही. तरीही मेलेला माणूस निर्वासितांपैकी होता, हे मनातून जात नाही. त्याच्यावरही कधीतरी, कुठेतरी, असाच जमाव चालून आला असेल. न्यायालयानं अमजद खानला गुन्ह्यातून मोकळं केलं. त्या दुपारचं जे ओझं उरतं ते उचलणं कुठल्याच न्यायालयाच्या हातात नसतं.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरातला. नागोयाहून शिकायला आलेला योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा मुलगा १७ ऑक्टोबर १९९२च्या संध्याकाळी मित्राबरोबर हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. त्यानं 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या जॉन ट्रव्होल्टासारखा पांढरा सूट घातला होता. घराच्या क्रमांकातले आकडे उलटसुलट झाले आणि दोघे चुकीच्या घराशी पोचले. त्यांनी घंटा वाजवली. घरातल्या बाईनं बाजूचं दार उघडलं, वेशातली मुलं पाहून घाबरून दार लावून घेतलं, आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. तोवर मुलं आपल्या गाडीकडे परतत होती. घरमालक चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला आणि त्यानं बंद झालेलं दार पुन्हा उघडलं. दार उघडलेलं पाहून हात्तोरी हसत, आम्ही पार्टीला आलोय असं सांगत पुढे आला. घरमालक ओरडला, 'फ्रीझ!' मुलगा थांबला नाही. काही फुटांवरून गोळी छातीत लागली आणि इस्पितळाच्या वाटेवर तो गेला.

सगळी गोष्ट एका शब्दावर येऊन ठेपली, म्हणून भाषेशी संबंध असलेल्या कुणालाही ती सोडवत नाही. शाळेतल्या इंग्रजीत 'फ्रीझ' म्हणजे पाणी गोठणं. पिस्तूल रोखून म्हटलेल्या 'फ्रीझ'चा अर्थ अमेरिकी चित्रपट आणि पोलिसी मालिका पाहूनच कळतो. त्याला तो शब्द 'प्लीज'सारखा ऐकू आला असावा, असा तर्क पुढे पुष्कळांनी केला. जपानी कानाला हे दोन शब्द एकमेकांच्या फार जवळचे आहेत. पण शब्द समजला असता तर सगळं ठीक झालं असतं, असं मानण्यात मला धोका वाटतो. बहिरा माणूस, वाट चुकलेला म्हातारा, भेदरलेलं पोर, नुकताच परगावाहून आलेला मजूर, यांतल्या कुणालाही तो हुकूम कळेल याची खात्री नसते. ज्या बचावाची मदार परक्या माणसाला आपली भाषा नीट येण्यावर असते, तो कच्चा बचाव.

शिवाय 'फ्रीझ' हा हुकूम आहे. आपल्याकडे रात्री दारावर थाप पडली तर आतून पहिला शब्द येतो, 'कोण?' बाहेरचा बहुधा 'मी' म्हणतो आणि त्या उत्तराला आपण हसतो, पण त्या 'मी'मध्ये आवाज असतो, वय असतं, ओळख असते. प्रश्नाला उत्तर येण्याइतकी जागा ठेवावी लागते, आणि बंद दाराआडून विचारलेला प्रश्न विचारणाऱ्यालाही वेळ देतो. दार हे जगातलं सर्वांत साधं बचावाचं साधन आहे. बॅटन रूजमधलं दार बंद झालं होतं, त्या क्षणी घरातले सुरक्षित होते, टेलिफोन हाताशी होता. पुन्हा उघडलेल्या दारानं ती सगळी उसंत संपवली. डावपेचाची चूक, कायद्याची चूक आणि नीतीची चूक इथे एकाच कृतीत आहेत. धोका अजून ओळखला गेलेला नव्हता, आणि तो ओळखण्यासाठी जो वेळ होता तो घरमालकानं स्वतःच्या हातानं टाकून दिला.

१९९३च्या मे महिन्यात ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं. पुढच्या वर्षी दिवाणी दाव्यात न्यायालयानं मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलरांहून जास्त भरपाई मंजूर केली. तिथे भीती वाजवी ठरली नाही. एकच घटना, एकच पुरावा, दोन निकाल. पुराव्याच्या कसोट्या वेगळ्या होत्या हे एक कारण. दुसरं असं, की वाजवीपणाचा भाव ज्या चारचौघांत ठरतो ते चारचौघे बदलले की भावही बदलतो. ज्या समाजात अनोळखी माणूस म्हणजे धोका हेच गृहीत आहे, तिथे कुठलीही भीती वाजवी ठरू शकते. आपल्याकडे मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरते आणि वाटसरूंना जमाव ठेचून मारतो, तेव्हा मारणारेही स्वतःला बचाव करणारेच समजत असतात. म्हणून वाजवी कशाला म्हणायचं हा प्रश्न एकट्या आरोपीचा नसतो. आपण रोज घरात, गल्लीत, गटागटांत ज्या भीतीची देवघेव करतो, तिच्यातूनच तो भाव ठरत जातो.

आपल्या ३६व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे, आणि ते बॅटन रूजच्या फार जवळचं आहे. ज्या घरात शिरायचा कायदेशीर अधिकार आहे अशा घरात 'क' रात्री शिरतो. 'य' त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो. 'य'नं गुन्हा केलेला नाही. पण 'य'चा असा गैरसमज झालेला नसता तर 'क'ला 'य'विरुद्ध जितका हक्क असता, तितकाच पूर्ण हक्क आताही आहे. थांबून विचार केला तर हे भयंकर आहे. दोन निरपराध माणसं अंधारात समोरासमोर उभी आहेत आणि कायदा दोघांनाही एकमेकांवर वार करण्याची मुभा देतो. यात आततायी कोण? कायद्याचं उत्तर आहे, कुणीच नाही. कायदा इथे खोटं बोलत नाही. त्यानं फक्त आपली हद्द दाखवली आहे. त्या अंधारात दिवा लावणं, हाक मारणं, एक पाऊल मागे घेणं हे कलमात लिहिता येत नाही.

तिसरा प्रसंग इंग्लंडमधला. नॉरफोक परगण्यात टोनी मार्टिन नावाचा शेतकरी एका पडक्या घरात एकटा राहत असे. घरी पूर्वी चोऱ्या झाल्याची त्याची तक्रार होती आणि पोलिसांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. ऑगस्ट १९९९मध्ये रात्री दोघे घरात शिरले. मार्टिननं अंधारात छऱ्यांची बंदूक चालवली. एक जखमी झाला. दुसरा, सोळा वर्षांचा मुलगा, पाठीत छरे लागून मेला. बंदूक विनापरवाना होती. २००० साली ज्यूरीनं खुनाचा दोष ठेवला, जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी अपिलात मानसिक अवस्थेच्या कारणावरून तो सदोष मनुष्यवध ठरला आणि शिक्षा पाच वर्षांवर आली. बचावाचं म्हणणं मात्र टिकलं नाही. देशभर लोक त्याच्या बाजूनं बोलत होते. स्वतःच्या घरात, रात्री, चोरांविरुद्ध: अजून काय हवं होतं, असा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो खोटा नाही. आपल्या कायद्यात रात्रीच्या घरफोडीविरुद्ध हा हक्क जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण तोही घरफोडी चालू असेपर्यंत, आणि लागेल तेवढाच. सर्वोच्च न्यायालयानं जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हेच सांगितलं: हल्लेखोर पळायला लागले की हक्क संपतो, त्यानंतर झाडलेली गोळी बचावाची राहत नाही. मार्टिनच्या बंदुकीतून आदल्या चोऱ्यांचा राग सुटला, पोलिसांवरचा राग सुटला, एकटेपणाची भीतीही सुटली असेल. यातलं काहीही बनावट नव्हतं. पण आदल्या चोऱ्यांचा हिशेब त्या रात्रीच्या मुलाकडून वसूल करता येत नाही. बॅटन रूजमध्ये गोळी धोक्याच्या आधी सुटली, इथे धोक्यानंतर.

नंतरच्या चुकाही वेळेच्याच आहेत, फक्त त्या शब्दांनी होतात. प्रेत हलवणं, हत्यार धुणं, 'मी तिथे नव्हतोच' असं सांगणं. बचावाचा मुद्दा शाबीत करण्याचा भार आपल्याकडे आरोपीवर असतो, मात्र तो हलका आहे. शक्यतेचं पारडं झुकलं की पुरतं. मुन्शी राम खटल्यापासून हेही स्थिर झालं आहे, की आरोपीनं हा मुद्दा मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकतं. पण जो म्हणतो मी तिथे नव्हतो, त्याला मी का घाबरलो होतो ते सांगता येत नाही. लपवणाऱ्यानं स्वतःची भीती चारचौघांपुढे मांडण्याची संधी गमावलेली असते.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप. धोक्याचा काळ मोजणारं हे घड्याळ सगळ्यांसाठी सारखं चालतं का? किरणजित अहलुवालिया ही पंजाबी स्त्री लग्नानंतर इंग्लंडमध्ये राहत होती. दहा वर्षं नवऱ्याची मारहाण, भाजणं, बलात्कार तिनं सोसले. १९८९ साली एका रात्री तो झोपलेला असताना तिनं त्याला पेटवून दिलं. तो काही दिवसांनी मेला. ती खुनी ठरली. १९९२ साली अपिलात ती शिक्षा रद्द झाली आणि शेवटी तिच्या मनःस्थितीचा विचार करून सदोष मनुष्यवध मानून तिला सोडण्यात आलं. झोपलेल्या माणसाचं धनुष्य ताणलेलं नसतं, हे मी वर सांगितलेल्या न्यायानं खरं. पण तिच्यासाठी धोका हा क्षण नव्हता, ते हवामान होतं. तो जागा असताना तिच्या हातात बळ नव्हतं, आणि बळ आलं तेव्हा कायद्याच्या लेखी धोका नव्हता. समोरासमोर उभ्या राहू शकणाऱ्या दोन सारख्या ताकदीच्या पुरुषांना पाहून हे घड्याळ बसवलं आहे.

या आक्षेपामुळे मूळ विचार मोडतो असं मला वाटत नाही, पण त्याची जबाबदारी वाढते. धोक्याबाहेर मारू नका असं सांगणाऱ्या राज्यानं आणि समाजानं धोक्यातून बाहेर पडायचं दार उघडं ठेवलेलं असलं पाहिजे. ३७वं कलम सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याबद्दल बोलतं, तेव्हा धाव घेतल्यावर तिथे कुणीतरी ऐकणारं असेल, हे गृहीत धरतं. जिच्या तक्रारीवर 'घरातलं भांडण घरात मिटवा' म्हणून परत पाठवलं जातं, तिच्या बाबतीत ते गृहीतच खोटं आहे. वेळ वापरला नाही म्हणून तिला दोष देण्याआधी, तिला वेळ होता कधी, हे विचारावं लागेल.

इथून मागे वळून कलमांची भाषा पुन्हा पाहावीशी वाटते. ३४वं कलम म्हणतं, बचावाच्या हक्काच्या वापरात केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. ते 'योग्य' म्हणत नाही, 'चांगली' म्हणत नाही. ४४व्या कलमाखालच्या उदाहरणात जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत, आणि गोळी झाडल्याशिवाय जीव वाचणार नाही अशी वेळ आहे. अशा गोळीनं मुलांना इजा झाली तरी गुन्हा नाही, एवढंच ते सांगतं. हे वाचून कुणालाही धन्य वाटणार नाही, आणि लिहिणाऱ्यानंही ते धन्यतेसाठी लिहिलेलं नाही. गांधींनीही १९२० साली लिहिलं, की भित्रेपणा आणि हिंसा यांतलंच एक निवडायचं असेल तर मी हिंसा निवडायला सांगेन. पण तेवढ्यानं त्यांच्या लेखी हिंसा चांगली झाली नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन समोरच्यांना आततायीच म्हणतो, आणि तरी म्हणतो, की यांना मारून आपल्याला पापच लागेल. धर्मशास्त्राची मुभा त्याला ठाऊक असणार. मुभा असूनही त्याला प्रश्न पडतो. त्याला नंतर कृष्णानं काय सांगितलं यावर आपण शतकानुशतकं लिहीत आलो, पण त्या प्रश्नाचं वजन कमी झालेलं नाही.

हात्तोरीच्या आईवडिलांनी त्या मुलाच्या मृत्यूनंतर जपानमध्ये सह्यांची मोहीम उभी केली. अमेरिकेतल्या घरांत बंदुका इतक्या सहज नसाव्यात, एवढीच मागणी. सतरा लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि १९९३च्या नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. घरमालकाला फाशी द्या, असं त्या कागदांवर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या नावानं एक निधीही सुरू केला. त्यातून अमेरिकेतले विद्यार्थी जपानमध्ये जाऊन अनोळखी घरांत राहतात, तिथली भाषा शिकतात. आपल्याला ज्याची भाषा येत नाही अशा माणसाच्या दारावर ही मुलं थाप मारतात, आणि दार उघडलं जातं.